गटाच्या वहीतलं गणित आणि नवोदयची परीक्षा

(आपल्या सामुदायिक रेडिओवर गुरुवारी संध्याकाळी झालेलं बोलणं)

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका. फक्त घरात पाचवीतलं लेकरू असेल तर त्याला वही-पेन्सिल घेऊन जवळ बसवा. आज बोलणार आहे मी तुमच्याशी, पण लिहायचं काम त्याचं.

पावसाळ्यात आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींनी मुलांचे नवोदयचे अर्ज भरले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जवाहर नवोदय विद्यालयं केंद्र सरकारची. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. सहावी ते बारावी तिथंच राहून शिकायचं. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं मोफत. नववीपासून काही मुलांकडून दरमहा विकास निधी घेतात, मुलींना तोही माफ आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला आणि किमान एक तृतीयांश मुलींना. पेपर मराठीतून देता येतो. वेळ दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात अंकगणिताचे २० प्रश्न, २५ गुणांचे. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं दिलेली असतात, त्यातलं बरोबर निवडायचं. आणि सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी परत बसवू, असं चालत नाही.

म्हणून मग घाई उडते. यंदा माझ्याकडच्या तीन गटांत अंतर्गत कर्जाच्या कारणात ‘मुलीचा नवोदय क्लास’ असं लिहून आलं. क्लासला माझा विरोध नाही. पण कर्जाच्या कागदावर सही करताना जवळजवळ प्रत्येक आई एकच वाक्य बोलते, “ताई, माझं गणित कच्चं आहे, मी काय तिला शिकवणार?” आणि मुलगी शेजारी उभी राहून ते ऐकत असते. बरं, हे म्हणते कोण? जी पंधरा जणींची बचत, हप्ता, व्याज आणि दंड पाच मिनिटांत जुळवते आणि दोन रुपये कमी भरले तर कुणाला सतरंजीवरून उठू देत नाही, ती. तिचं गणित चांगलं पक्कं आहे. पुस्तकात त्या गणिताला काय म्हणतात तेवढं तिला ठाऊक नसतं. तर आज ती नावं आपण गटाच्या वहीतूनच काढू.

बैठकीत पहिली हजेरी. १, २, ३, ४... आपण बायका मोजतो. मोजायला वापरतो त्या या संख्यांना म्हणतात नैसर्गिक संख्या. माणसं मोजताना कुणी शून्यापासून सुरुवात करत नाही, म्हणून यात ० नाही. आता वहीतला दंडाचा रकाना बघा. जिला दंड नाही तिच्यापुढे आपण ० लिहितो, रकाना मोकळा सोडत नाही, कारण मोकळ्या रकान्यात उद्या कुणीही काहीही लिहील. हे शून्य नैसर्गिक संख्यांच्या रांगेत पुढे आणून बसवलं की झाल्या पूर्ण संख्या: ०, १, २, ३... परीक्षेत विचारतात, सर्वांत लहान नैसर्गिक संख्या कोणती? उत्तर १. सर्वांत लहान पूर्ण संख्या? उत्तर ०. सर्वांत मोठी कोणती असं विचारलं तर? ती नसतेच. कितीही मोठी सांगा, त्यात एक मिळवता येतो.

मग येते थकबाकी. एखादीकडून ५०० रुपये येणं आहे, ते आपण लाल पेनानं लिहितो. गणितात लाल पेनाच्या जागी वजाचं चिन्ह येतं: −५००. याला ऋण संख्या म्हणतात. ऋण म्हणजे कर्ज, शब्दच सांगतो. आपल्याकडे ब्रह्मगुप्त नावाच्या गणितज्ञानं इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ हा ग्रंथ लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. म्हणजे जमा आणि उधारीची भाषा गणितात चौदाशे वर्षांपूर्वीच आली. धन, ऋण आणि शून्य मिळून पूर्णांक संख्या होतात. शाळेत हे सहावीत नीट येतं, तरी एक गोष्ट आत्ताच पोरांना सांगून ठेवा. −५०० आणि −२०० यांत मोठी कोणती? पोरं पटकन ५०० म्हणतात. त्यांना विचारा, एकीकडे पाचशेची थकबाकी आहे आणि दुसरीकडे दोनशेची, तर बरी स्थिती कुणाची? दोनशेवालीची. म्हणून −२०० मोठी.

यापुढे परिमेय, अपरिमेय अशाही संख्या आहेत. त्या वरच्या वर्गात येतात, पाचवीच्या पोराच्या डोक्यात आत्ताच घालू नका.

आता संख्या लिहिणं आणि वाचणं. मराठीतली एक अडचण इथं आहे आणि मुलं तिच्यात रोज अडकतात. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. म्हणून ऐकून लिहायला सांगितलं की लहान मूल ५२ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचायची रीत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला. माझं मत विचाराल तर मुलाला दोन्ही रीती कळू द्याव्यात. तोंडानं एकवीस म्हणावं आणि मनात वीस आणि एक दिसावं. दुसरी गंमत ‘एकोण’ची. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर सगळे तसेच. नव्याण्णव तेवढा रांग सोडून बसलाय. ही फोड एकदा सांगितली की ६९ आणि ७९ मध्ये होणारा घोळ बराच कमी होतो.

मोठ्या संख्येत शून्यं गळतात. ‘एक लाख आठ हजार चारशे पाच’ असं सांगितलं की पोरं १,८,४०५ लिहितात. आपण बँकेत भरणा करताना चलन कसं भरतो? अक्षरी आणि अंकी, दोन्ही. तसंच करायला लावा. हजाराच्या घरात दोन जागा असतात, आठच हजार असले तरी ०८ लिहायचं: १,०८,४०५. गटाचं पासबुक घ्या, नावं झाका आणि शिल्लक रकमा मोठ्यानं वाचून लिहायला द्या. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

याच्याच पोटात स्थानिक किंमत आणि दर्शनी किंमत येते. ४७,३५२ मध्ये ७ ची दर्शनी किंमत ७, म्हणजे दिसतो तेवढाच. स्थानिक किंमत ७,०००, कारण तो हजाराच्या घरात बसलाय. दोन्हींतला फरक विचारला तर ७,००० − ७ = ६,९९३.

सम-विषम सगळ्यांना येतं, जोडी लागली तर सम, एक उरला तर विषम. त्यावर वेळ घालवत नाही. मूळ संख्येवर थांबू या, कारण पोरं व्याख्या पाठ करतात आणि गुण घालवतात.

समजा १२ पापड वाळत घालायचे आहेत, सगळ्या ओळी सारख्या हव्यात. ६ चे २, ४ चे ३, किंवा एकच लांब ओळ १२ ची. बरेच प्रकार झाले. १२ ही संयुक्त संख्या. आता ७ पापड घ्या. कशाही मांडा, सारख्या ओळी होत नाहीत, एकच सरळ ओळ होते. ७ ही मूळ संख्या. म्हणजे तिला १ आणि ती स्वतः, एवढ्या दोघांनीच पूर्ण भाग जातो. मग १ मूळ का नाही? कारण १ ला भाग देणारा एकटा १ च आहे, दोन विभाजक होतच नाहीत. म्हणून १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही. आणि २ ही एकच संख्या सम असून मूळ आहे. या दोन वाक्यांवर प्रश्न निघतोच असं समजा.

१ ते १०० मध्ये मूळ संख्या २५ आहेत. कोणत्या दहात किती, ते लक्षात ठेवायला पोरं एक आकडा पाठ करतात, अगदी मोबाइल नंबरासारखा दहा आकडी: ४४२२३२२३२१. पहिल्या दहात ४ (२, ३, ५, ७), दुसऱ्या दहात ४ (११, १३, १७, १९), मग २१ ते ३० मध्ये २, ३१ ते ४० मध्ये २, ४१ ते ५० मध्ये ३, असं करत शेवटच्या दहात एकटी ९७. आपल्याला माहेरच्यांचे नंबर पाठ असतात, त्यात हा एक. एखादी संख्या मूळ आहे का ते तपासायचं असेल तर १०० च्या आत फक्त २, ३, ५ आणि ७ यांनी भाग देऊन बघायचा. या चौघांपैकी कुणाच्याच पाढ्यात ती नसेल तर मूळ. फसव्या संख्या मात्र लिहून भिंतीला लावा: ५१ म्हणजे ३ × १७, ५७ म्हणजे ३ × १९, ८७ म्हणजे ३ × २९ आणि सगळ्यांत लबाड ९१, म्हणजे ७ × १३.

५१, ५७, ८७ पकडायला तीनची कसोटी पुरते. अंकांची बेरीज करा, तिला ३ नं भाग गेला तर संख्येलाही जातो. ५ आणि १ सहा, जातो. पण असं का होतं हे पोरांना कुणी सांगत नाही आणि मग ती कसोटी विसरतात. नोटा घेऊन दाखवा. ४५६ रुपये तीन जणींत वाटायचे. शंभराची एक नोट तिघींत वाटली तर ३३-३३ आले, १ रुपया उरला. चार नोटा म्हणजे उरले ४. दहाची नोट वाटली की ३-३ आले, १ उरला. पाच नोटांचे उरले ५. वर सुटे ६. आता उरलेले सगळे गोळा करा, ४ + ५ + ६ = १५. पंधरा तिघींत वाटले जातात, म्हणजे ४५६ ही वाटले जातात. नऊची कसोटीही याच रस्त्यानं जाते, घरी करून बघा.

वर्ग संख्या आणि त्रिकोणी संख्या शिकवायला अंगणातली ठिपक्यांची रांगोळी पुरे. एक ठिपका, मग दोन, तीन, चार, आणि परत तीन, दोन, एक. मोजा, १६ भरतात. १६ म्हणजे ४ × ४. पाचपर्यंत जाऊन परत आलात तर २५. असं का, तर मान जरा वाकडी करून बघा, तो चौरसच आहे, टोकावर उभा राहिलेला. अर्ध्यावर थांबलात, म्हणजे एक, दोन, तीन, चार एवढंच काढलंत, तर १० ठिपक्यांचा त्रिकोण. १, ३, ६, १०, १५ या त्रिकोणी संख्या. लागोपाठच्या दोन त्रिकोणी संख्या मिळवल्या की वर्ग संख्या मिळते: ६ + १० = १६. पिढ्यान्‌पिढ्या बायका हे दारात काढत आल्यात.

लसावि आणि मसावि या जोडीत मुलं नावामुळे फसतात. ‘लघुतम’ ऐकलं की त्यांना वाटतं उत्तर लहान येणार. उलट आहे. लसावि दिलेल्या मोठ्यात मोठ्या संख्येपेक्षा कधी लहान नसतो आणि मसावि लहानात लहान संख्येपेक्षा कधी मोठा नसतो. चार पर्यायांतले एक-दोन तर एवढ्यावरच उडतात. प्रश्नातली भाषा ओळखायची. ‘पुन्हा एकत्र केव्हा’ असं असेल तर लसावि: एका गटाची बैठक दर १० दिवसांनी, दुसऱ्याची १२, तिसऱ्याची १५ दिवसांनी, आज तिन्ही एकाच दिवशी आल्या तर पुन्हा किती दिवसांनी? ६० दिवसांनी. ‘जास्तीत जास्त किती’ आणि ‘सारखे भाग’ असं असेल तर मसावि: ४८ शेंगदाण्याचे लाडू आणि ३६ राजगिऱ्याचे, न मिसळता सारख्या संख्येनं डब्यांत भरायचे, एका डब्यात जास्तीत जास्त किती? १२. डबे किती? ४ आणि ३, सात.

आता अपूर्णांक. मला विचाराल तर परीक्षेत पोरं सगळ्यांत जास्त इथं गळतात, आणि आपण बायका इथंच सगळ्यांत हुशार.

पोराला विचारा, १/४ आणि १/५ मिळून किती? बरीच जण वर १ आणि १ दोन, खाली ४ आणि ५ नऊ करून २/९ सांगतील. आता त्याला जमीन सांगा. पाव एकर कांदा आणि एकराचा पाचवा हिस्सा मेथी. एकराचे ४० गुंठे. पाव एकर म्हणजे १० गुंठे. पाचवा हिस्सा ८ गुंठे. दोन्ही मिळून १८ गुंठे, म्हणजे १८/४०, सोपं करून ९/२०. आणि त्याचं २/९? चाळीस गुंठ्यांचे २/९ म्हणजे नऊ गुंठेही भरत नाहीत. नुसता कांदाच दहा गुंठे होता, मग मेथी लावून रान कमी कसं झालं? हे एकदा डोळ्यांपुढे आलं की २/९ परत लिहिणार नाही.

आपण केलं काय, तर वेगवेगळे हिस्से एकाच मापात, गुंठ्यात आणले. शाळेत याला छेद समान करणं म्हणतात. गुंठा हाच आपला समान छेद. प्रत्येक वेळी ४० चालत नाही, तिसरा हिस्सा आला की गुंठे सरळ येत नाहीत. मग घड्याळ घ्या, तासाची ६० मिनिटं. १/३ तास म्हणजे २० मिनिटं, १/४ तास म्हणजे १५, मिळून ३५. ३५/६० म्हणजे ७/१२. इथं एखादं पोर नक्की म्हणेल, हा तर सातबारा! त्याला सांगा, उताऱ्यावरचा सातबारा हा अपूर्णांक नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ असे दोन वेगळे नमुने एकत्र येतात म्हणून ते नाव.

अपूर्णांकांची नावंही आपल्या तोंडात आहेत. अंश छेदापेक्षा लहान तो छेदाधिक अपूर्णांक, जसं ३/४, आपला पाऊण. अंश मोठा तो अंशाधिक, जसं ५/४, म्हणजे पाच पाव. तेच १ पूर्णांक १/४ असं लिहिलं की पूर्णांकयुक्त अपूर्णांक, आपण त्याला सव्वा म्हणतो. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द आजकालच्या मुलांना घड्याळापुरतेसुद्धा येत नाहीत. आमच्या एका गटात चौथी शिकलेल्या आजी आहेत. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अगदी औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा येतो. परवा बैठकीत पोरांनी मोबाइल काढायच्या आत त्यांनी २८ चे पाऊण सांगितले, २१. पुस्तकातली भाषा लावा: २८ × ३/४. अशा आजी तुमच्या गावातही असतील, त्यांना संध्याकाळची अर्धा तास शिकवणी द्या. क्लासपेक्षा स्वस्त पडेल.

हेच शब्द मोठ्या संख्येतही चालतात. सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, साडेतीनशे ३५०, पावणेचार हजार ३,७५०. ‘पावणे’ म्हणजे पाव उणे. आणि टक्केवारीत पाव म्हणजे २५ टक्के, पाऊण म्हणजे ७५. नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात, त्यातल्या ७५ टक्के ग्रामीण म्हणजे ८० च्या पाऊण, ६०. हे गणित तर आपल्या कामाचंच आहे.

दशांशात एकच फसगत सांगते, बाकी सोपं आहे. ६.५ लिटर दूध जास्त की ६.४५? पोरं ४५ बघून फसतात. डेअरीत दूध घालणारी कुणीही सांगेल, साडेसहा लिटर जास्त. पुढे शून्य लावून सारख्या जागा करायच्या, ६.५० आणि ६.४५, की झालं. ०.१२५, ०.२५ आणि ०.५ सुद्धा असेच लावा: ०.१२५, ०.२५०, ०.५००. इलेक्ट्रिक काट्यावर अर्धा पाव, पाव आणि अर्धा किलो ठेवून दाखवा.

एक नियम दुकानात जाऊन शिकवायचा. कंचेभागुबेव, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. २०० − ४० × ३ किती? डावीकडून सुरुवात केली तर २०० − ४० = १६०, तिप्पट ४८०. आता २०० रुपये घेऊन दुकानात जा आणि ४० रुपये किलोची ३ किलो साखर घ्या. दुकानदार १२० कापून ८० परत देईल. कुणी ४८० परत देत असेल तर मला त्या दुकानाचा पत्ता द्या. गुणाकार आधी का, ते यावरून समजतं. भागाकार-गुणाकार एकत्र आले तर डावीकडून जो आधी येईल तो आधी करायचा, बेरीज-वजाबाकीचंही तसंच.

आता एक इशारा, तो मुलांना नाही, तुम्हाला. व्याजाचं गणित आलं तर आईनं सांगताना जपून. आपल्या गटाचा दर आपण ‘शेकडा दोन’ म्हणतो, तो महिन्याचा. ५,००० चं महिन्याला १००, तीन महिन्यांचं ३००. पुस्तकात लिहिलेलं असतं द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा. तिथं ५,००० वर दर १० असेल तर वर्षाला ५००, दोन वर्षांचं १,०००. आपल्या सवयीनं १० हा महिन्याचा दर धरला तर चोवीस महिने लावून उत्तर १२,००० येईल आणि गंमत म्हणजे ते उत्तरही पर्यायांत ठेवलेलं असू शकतं. मुलीला विचारा, आपला शेकडा दोन वर्षाला किती होतो? २४. मग तिलाच सांगा, क्लाससाठी घेतलेल्या ६,००० चं सहा महिन्यांचं व्याज काढ, मुद्दल शेवटी फेडायचं धरून. महिन्याला १२०, एकूण ७२०. ते व्याज फिरून गटातच येतं हे खरं, पण आपल्यासाठी घरातून काय चाललंय ते मुलीला आकड्यात कळलेलं चांगलं.

परीक्षेच्या दिवसासाठी दोन गोष्टी. या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अंकगणिताला साधारण अर्धा तास मिळतो, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. सगळी गणितं पूर्ण करत बसायला तेवढा वेळ पुरत नाही, तिथं अंदाज कामाला येतो. ३४७ × २३ विचारलंय. शेवटचे अंक ७ आणि ३, सात त्रिक एकवीस, म्हणजे उत्तराच्या शेवटी १ येणार. पर्याय समजा ७,९८१, ७,९८३, ६,८८१ आणि ७,८८६ असे आहेत. शेवटी १ असलेले दोनच उरले. आता ३४७ ला साडेतीनशे धरा आणि २० नं गुणा, ७,००० होतात. वर तीनशेसत्तेचाळीसचे आणखी तीन, म्हणजे आणखी हजारभर. आठ हजाराच्या आसपास हवं, म्हणून ७,९८१. बाजारात भाजीची पाटी विकताना आपण हेच करतो, आधी अंदाज, मग हिशेब.

आणि गोल. उत्तरपत्रिकेवर बरोबर उत्तराचा गोल पेनानं पूर्ण भरायचा असतो. पोरं घरी वहीवर सराव करतात आणि तिथं गेल्यावर प्रश्न एक सोडला की पुढचे सगळे गोल एका जागेनं सरकतात. वीस-वीस गोलांच्या रांगा साध्या कागदावर वाटीनं नाही तर बांगडीनं आखून द्या आणि त्यावरच सराव घ्या.

पुढच्या गुरुवारी अंतर, वेळ आणि वेग घेऊ, एसटीच्या वेळापत्रकावरून. तोपर्यंत हे एक गणित घरात फिरू द्या. टोपलीत अंडी आहेत, एकापेक्षा जास्त आणि शंभरापेक्षा कमी. दोन-दोन करून मोजली तर एक उरतं. तीन-तीन करून मोजली तरी एक उरतं, चार-चार करून एक, पाच-पाच करूनही एकच. अंडी किती? आणि ती संख्या मूळ आहे की संयुक्त? लसाविपासून सुरुवात करा. उत्तर बैठकीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, मी आले की बघेन.